तात्यांचा आवाज माझ्या गळ्यात

तात्या गेल्याची बातमी गावाला मीच दिली, पंचायतीच्या स्पीकरवरनं. आणि दिली तात्यांच्याच आवाजात! मुद्दाम न्हाय हो... वरीसभराची सवय, तोंड उघडलं की तेच खरखरीत "ऐका मंडळी" बाहेर पडलं. निम्मं गाव नेहमीसारखं खराटं घिऊन दारात आलं, आणि पुढचं ऐकून तिथंच थबकलं.

त्याला महिना झाला. तात्या आमच्या गल्लीतलं, साखर कारखान्यातनं रिटायर झालेलं. ग्रामस्वच्छता अभियान आलं आणि त्यांनी एकच ध्यास घेतला, हुपरी रस्त्यावर आपल्या वेशीत 'आदर्श गाव' अशी पाटी लागली पायजे. रोज सकाळी माइकवर नखानं टकटक, एक खाकरणं, मग नाव घिऊन हजामत. "शिवा, म्हस गोठ्यात बांधायची असती, गटारीत न्हाय!" कट्ट्यावर मी त्यांची नक्कल केली की पोरं लोळायची.

घरोघरी संडास झालं. पण तात्यांचं फर्मान, समिती बघून जाईपतूर कुणी वापरायचं न्हाय, घाण हुतील! सगळं गाव निमूट उसात. समितीच्या सायबानं कोरडं ठणठणीत भांडं बघून विचारलं, "वापरता का हो?" तात्या छाती फुगवून म्हणालं, "छ्या! अजून फीतबी कापली न्हाय." पाटी हुकली. गाव हसलं. दुसऱ्या सकाळी स्पीकरवर एवढंच आलं, "मंडळी, चूक माझी. आजपास्नं वापरा..."

मग घशाचा कॅन्सर. ऑपरेशनात आवाज गेला. मला बोलवून घेतलं, आपल्या गळ्यावर बोट ठेवलं, मग माझ्या. तवापास्नं ते शेजारी स्टुलावर बसून बोटानं घर दाखवायचं, आणि मी त्यांच्या आवाजात झाडायचो.

ते गेल्यावर सरपंच म्हणालं, "त्योच आवाज चालू ठेव बाबा. समिती परत येतीया, तुझं कोण ऐकणार?" खरंच हुतं. ठेवला. पण एक दिवस काकू, तात्यांच्या मंडळी, पंचायतीच्या दारात आल्या. म्हणाल्या, "बाळ, त्यो आवाज आला की माझा हात दोन कप च्या टाकतोय रं... तुझ्या आवाजात सांग की आता."

आता माझ्याच पातळ आवाजात सांगतो. निम्मी दारं उघडत न्हाईत. पाटीचं काय हुईल, ठावं न्हाय. फकस्त रिकाम्या स्टुलाकडं बघितलं की माझं नख आपसूक माइकवर वाजतंय, आणि खाकरणं येतंय. काल काकूंना विचारलं, हेबी बंद करू का?

खराटा भिंतीला टेकवून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तेवढं."