अंतरपाटांचा पडदा

देवळाली प्रवऱ्यात आमच्या शेजारी नृसिंहभट राहत. त्यांच्या बायकोला, नीलांबरीकाकूंना, टाकून देण्याजोगं काही दिसतच नसे. फाटक्या लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, आणि शेवटी त्याच्याही चिंध्या चूल सारवायला. मी तेव्हा नवी सून. मला हा निव्वळ चिक्कूपणा वाटायचा.

दुसरी मोठी लढाई संपली तरी कापडावरचं कंट्रोल काही उठलं नव्हतं. काकूंची मोठी खिडकी रस्त्यावर. उसाच्या गाड्या जायच्या आणि गाडीवाले खुशाल घरात डोकवायचे. पडद्याला कापड आणायचं कुठून? शेवटी काकूंनी पेटीतले अंतरपाट बाहेर काढले. लग्नात नवरानवरीच्या मधे धरतात ते पांढरे कपडे, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. लग्न लागलं की अंतरपाट भटजींचा, त्यामुळे घरात साठले होते. काकूंनी ते एकमेकांना जोडून शिवले, वरच्या काठाला लेकींच्या लहानपणच्या बांगड्या टाचल्या, त्यांतून वेळूची काठी ओवली, आणि पडदा तयार. नावं ठेवायला आलेल्या बायका बघून गप्प झाल्या. मलाही हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी काकू आणि मी त्यांच्या घरी पापड लाटत होतो. मळ्यातली साळूबाई आली. तिला मूलबाळ नव्हतं. त्यासाठी सत्यनारायण घालायचा, म्हणून भटजींना दिवस विचारायला आली होती. बोलता बोलता ती थांबली, उठली आणि पडद्यापाशी गेली. एका तुकड्यावर हिरव्या दोऱ्याचं रफू होतं. त्यावरून ती बोट फिरवत राहिली.

"काकू, ह्यो रफू माजा हाय," ती म्हणाली. "चिलमीची ठिणगी पडून भोक पडलं हुतं. पांढरा दोरा न्हवता घरात. ह्ये धन्याचं उपरणं. बाजारात हरवलं म्हनले हुते."

काकूंना आधी काही कळेना, मलाही नाही. चोरीचं असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. तेवढ्यात भटजी मागच्या दाराने नदीवरून आंघोळ करून आले. काकूंनी सरळ विचारलं, "अहो, हा अंतरपाट कुठल्या लग्नातला?"

"सोनई गावातल्या. भिमाजीच्या," भटजी धोतर पिळत म्हणाले, आणि मग त्यांना साळूबाई दिसली.

भिमाजी म्हणजे साळूबाईचा नवरा. सवत आणली ती आणली, वर हिच्याच हातचं रफू मधे धरून! नवं कापड मिळेना म्हणून मेल्याने खांद्यावरचं उपरणं काढून दिलं असणार. साळूबाई मटकन खाली बसली, आणि सत्यनारायणासाठी आणलेली सुपारी तिच्या मुठीत तशीच राहिली.

भटजी काहीबाही सांगू लागले. मूल होईना म्हणून केलं, घराण्याला वारस नको का, साळूबाईला कोणी टाकणार नाही. उभ्या जन्मात काकूंनी या माणसाला उलट उत्तर दिलं नव्हतं. पहिली बायको असताना दुसरं लग्न करायचं नाही, असा कायदा नुकताच आला होता. नवऱ्याला शिक्षा, तशीच लग्न लावणाऱ्यालाही. खुद्द भटजींनीच तो आम्हाला ओट्यावर बसून समजावला होता.

साळूबाईने उपरणं तेवढं मागितलं. भटजी काकूंच्या कानाशी पुटपुटले, पण मला ऐकू आलं. तो तुकडा उसवून चुलीत घाल, म्हणाले.

काकूंनी काठीसकट पडदा उतरवला, काठी ओढून काढली, घडी केली आणि साळूबाईच्या हातात दिली. "अख्खा घे," त्या म्हणाल्या. "फौजदार विचारील, कुठं मिळाला. ते सांगायला मी येते राहुरीला."

भटजी म्हणाले, "अगं, मला आत टाकतील."

"हो," काकू म्हणाल्या, आणि साळूबाईला हाताला धरून उठवलं.