बाबांच्या आवाजातली चोरीची गाणी

अकोटच्या बसस्टँडसमोर बाबांचं मोबाइलचं दुकान होतं. लोक मेमरी कार्ड आणून द्यायचे आणि बाबा त्यात गाणी भरायचे. सगळी चोरीची, हे अख्ख्या गावाला ठाऊक. बाबांची तक्रार मात्र वेगळीच. समोरचा दुकानदार आमच्याकडून कार्ड भरून न्यायचा आणि तीच गाणी स्वतःच्या गिऱ्हाइकांना द्यायचा. बाबा असे चिडले की त्यांनी प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला स्वतःचा आवाज चढवला, "हे गानं स्टँडवरच्या आपल्या दुकानातलं हाय. कोनी चोरू नका बे!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पुढे कॉपीराइटवाले पोलिसांना घेऊन आले आणि कॉम्प्युटर उचलून नेला. नंतर बाबांनी फक्त चार्जर आणि कव्हरं विकली.

फोटोला ते खुशाल उभे राहायचे, पण व्हिडिओ म्हटलं की पळायचे. त्यामुळे ते गेले तेव्हा त्यांचा आवाज फक्त आईच्या मोबाइलमधल्या, त्यांनीच गाणी भरून दिलेल्या कार्डात उरला.

परदेशातल्या माझ्या भावाला मुलगी झाली. तिला बघायला आई आणि मी निघालो. भावानं फोनवर बजावलं, इथं विमानतळावर मोबाइल उघडून बघतात, चोरीचं काही आणू नका. मी जात्याच भित्री, रात्री रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारी. आईला म्हटलं, कार्ड घरी ठेव.

"तुया बाबाईले घरी एकटं ठिवू?"

"आणि जप्त केलं तर? मग आवाज कायमचाच जाईल."

"बरं बाप्पा, ठिवतो," ती म्हणाली. माझा विश्वास बसला.

तिकडे उतरल्यावर अधिकाऱ्यानं आम्हाला बाजूला घेतलं. आईचा मोबाइल चाळता चाळता त्यानं एक गाणं लावलं आणि त्या चकाचक हॉलमध्ये बाबा ओरडले, "कोनी चोरू नका बे!"

आईवर संतापायचं मला सुचलंच नाही. ते गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता, हिंमतच होत नव्हती. माझे डोळे भरून आले.

"हे कोण?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"माझे वडील. आता नाहीत."

"काय म्हणताहेत?"

"चोरी करू नका म्हणताहेत." खोटं काय होतं त्यात?

तो मोबाइलवरची गाण्यांची यादी खाली खाली सरकवू लागला. आई माझ्या कानाशी लागली, "काढाचंच असन तर काढ म्हना, पन अखीन एकदा आयकू दे."

मी तेही सांगितलं. त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, शेवटपर्यंत वाजू दिलं आणि मोबाइल आईच्या हातात ठेवून काहीतरी बोलला.

"काय म्हने तो?"

"आवाज चांगला आहे म्हणाला."

"होताच," आई म्हणाली, आणि बाबा गेल्यावर पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.