वरंधला राहिलेलं पान

मार्गशीर्षातला रविवार, सन १९३१. जागा: महाडातल्या आमच्या घराची पडवी. हजर: नाते गावचा म्हणून नात्याचा, उमरठचा, वरंधचा आणि मी. आम्ही एकमेकांना गावाच्याच नावाने हाक मारत असू. मी गावातलाच, म्हणून मला 'घरवाला' म्हणत. काम: कादंबरी पुरी करणे.

मास्तरांनी वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला आपल्याजवळचं एकेक पुस्तक दिलं होतं. गटाने ते वाचायचं, आपसात चर्चा करायची आणि ठरल्या सोमवारी उभं राहून वर्गाला समजावून सांगायचं. चौघांनी पाळीपाळीने वाचायचं म्हटलं तर होळी आली असती. म्हणून मास्तरांची परवानगी काढून मी पुस्तकाची शिवण उसवली आणि त्याचे चार भाग केले. प्रत्येकाने आपला भाग घरी नेऊन वाचायचा आणि रविवारी पडवीत बसून बाकीच्यांना सांगायचा. शेवटचा भाग वरंधच्याकडे गेला, कारण तो सावकाश वाचे आणि त्याला वेळ जास्त मिळणार होता.

गोष्ट एका तांडेलाच्या बायकोची होती. नवरा गलबत घेऊन जातो, पावसाळे उलटतात, गाव म्हणतं आता कसला येतोय, आणि ही रोज बंदरावर जाऊन उभी राहते. पहिले तीन भाग आम्ही भांडत भांडत ऐकले. नात्याच्याचं म्हणणं, बाई वेडी आहे. उमरठच्याचं म्हणणं, वेडा गाव आहे. मग वरंधचा सांगायला बसला. इतर वेळी दोन वाक्यांवर थांबणारा हा मुलगा त्या दिवशी छान बोलला. नवरा परत आला, भातकापणीच्या दिवसांत आला, पायवाटेने चालत आला, डोक्यावर पत्र्याची पेटी होती, पेटीत बायकोला लुगडं होतं आणि सासूला कांबळं.

"पेटीला कुलूप व्हतं?" नात्याच्याने चेष्टेने विचारलं.

"व्हतं ना. पितळेचं."

गलबतावरचा माणूस बंदरात उतरायचा सोडून डोंगरातल्या पायवाटेने कसा आला, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे परत येणारा माणूस पेटी घेऊन पायवाटेनेच येतो. मी मुद्दे काढले, कोणी काय बोलायचं ते वाटून दिलं आणि बैठक संपवली.

सोमवारी सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटाचा मुद्दा उमरठच्याकडे होता. त्याने पेटीचं वर्णन सुरू केलं तसे मास्तर खुर्चीत पुढे सरकले. कसली पेटी, म्हणून त्यांनी विचारलं. "पत्र्याची, मास्तर. पितळेच्या कुलपाची," उमरठच्याने ठासून सांगितलं. मास्तरांनी शांतपणे सांगितलं की कादंबरीत नवरा येत नाही. रिकामं गलबत तेवढं किनाऱ्याला लागतं. वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी वरंधच्याला शेवटचं पान दाखवायला सांगितलं. त्याच्याजवळ बाकीचे कागद होते, ते पान नव्हतं. शनिवारपर्यंत पान आणलं नाहीस तर वर्गात बसू नकोस, एवढं बोलून मास्तरांनी पुढच्या गटाला उभं केलं.

शाळा सुटल्यावर आम्ही नदीच्या पायऱ्यांवर बसलो, तिथे त्याने सांगितलं. त्याचा मेहुणा दासगावच्या बंदरातून बोटीने मुंबईला गिरणीत गेला होता. गेल्या शिमग्यापासून त्याचं पत्र नव्हतं. मोठी बहीण माहेरी येऊन राहिली होती. सुट्टीत हा घरी गेला तेव्हा दिवेलागणीला मोठ्याने वाचत होता आणि ती चुलीपाशी ऐकत होती. शेवट आला तेव्हा त्याच्या तोंडून वेगळंच बाहेर पडलं. तिने विचारलं, कुठे लिहिलंय? त्याने बोट ठेवलं. तिला अक्षरओळख नव्हती. तिने ते पान मागून घेतलं, घडी केली आणि देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं.

"मग आम्हाला तरी खरं सांगायचंस रे," नात्याचा म्हणाला.

"दोन ठिकानी दोन सांगवंना."

मी व्यवहाराचं बोललो: पान मागून आण, दुसरं काहीतरी देव्हाऱ्यात ठेव.

"मागितलं तर आक्का म्हनंल, आधी वाच. मंग मी काय वाचू?"

नात्याचा खडे नदीत टाकत राहिला. उमरठचा उठला आणि मास्तरांच्या बिऱ्हाडाकडे चालू लागला. तो आमच्यात सगळ्यात धीट नव्हता, पण पेटीचं वर्णन त्याने केलं होतं आणि ते त्याला लागलं होतं.

शुक्रवारी मास्तरांनी मला बोलावलं. पान तिथेच राहू दे, म्हणाले. पुस्तक पुन्हा शिव आणि शेवटी एक कोरा कागद घाल. दुसरी प्रत मिळाली की त्यावर शेवट उतरवून काढ, तुझं अक्षर बरं आहे. मी दोरा आणला, खळ शिजवली आणि पुस्तक शिवलं. शनिवारी वरंधचा आपल्या जागेवर बसला. मास्तरांनी त्याला एक कविता म्हणायला लावली, पानाचा विषय काढला नाही.

मास्तरांची बदली झाली तेव्हा ते पुस्तक माझ्याकडे आलं. दुसरी प्रतही पुढे पुण्यात मिळाली. वरंधच्याचा मेहुणा आला नाही. आक्का माहेरीच राहिली, भावाच्या बरोबरीने शेत करते. तिच्या घरात आता शाळेत जाणारी चार पोरं आहेत, कोणीही ते पान वाचून दाखवील. तिने आजवर कुणाला वाचायला सांगितलेलं नाही, आणि करंड्याखालून ते हलवलेलंही नाही. गेल्या वर्षी मी तिकडे गेलो होतो. तिने मला नाचणीची भाकरी वाढली आणि विचारलं, मास्तरांचं ते पुस्तक हाय का अजून? हाय, मी म्हणालो. नीट ठेवा, म्हणाली.

दर दिवाळीला मी घरातल्या राहिलेल्या कामांची यादी करतो. कौलं, आडाची दोरी, पेटीची बिजागरी, सगळं होतं. दोन्ही प्रती एकाच फळीवर शेजारी ठेवल्या आहेत. शेवट उतरवून काढणे, हे यंदाही राहिलं आहे.