स्तुतीला सांगायचं ते

जेवणं आटोपतात, भांडी धुऊन पालथी घातली जातात, आणि सुनीती आढाव स्वयंपाकघराच्या उघड्या फरशीवर आडवी होते. चटईसुद्धा घेत नाही. मे महिन्यातली रविवारची दुपार आहे. श्रीरामपूरच्या उन्हात पंखा नुसता गरम वारा ढवळतोय. पुढच्या खोलीत तिचा नवरा शमुवेल भिंतीकडे तोंड करून पडलाय. तो झोपलेला नाही हे तिला ठाऊक आहे. दाराशी एक सूटकेस उभी करून ठेवलीये. ती अकरा वर्षांच्या स्तुतीची. ऊन उतरलं की स्तुतीचा बाप, म्हणजे सुनीतीचा धाकटा दीर सायमन, तिला नाशिकला न्यायला येणार आहे. कायमचं.

स्तुती सुनीतीच्या पोटची नाही. सुनीतीला मूलबाळ झालं नाही. स्तुती तिच्या धाकट्या जावेची, रिबकाची. पण दोघी जावा एकाच चुलीपाशी वावरल्या, आणि पोर कुणाच्या मांडीवर झोपली हे सकाळी कुणाला सांगता येत नसे. रिबका गेली त्याला आता तीन वर्षं झाली. सायमन तेव्हाच नोकरीसाठी नाशिकला गेला आणि पोर इथं राहिली. तेव्हापासून तिचा डबा, तिच्या वेण्या, तिचा ताप, तिची रात्रीची प्रार्थना, सगळं सुनीतीनेच केलं.

सायमन वाईट माणूस नाही. त्याने यंदा दुसरं लग्न केलं, तेही मोठ्या भावाला विचारून, चर्चच्या पाळकसाहेबांच्या हातून. नवी बायको, प्रेरणा, शिक्षिका आहे. पहिल्यांदा घरी आली तेव्हा स्तुतीसाठी चपला घेऊन आली, आणि त्या अगदी मापाच्या निघाल्या. आता बाप आपल्या लेकीला घेऊन चाललाय. त्याला कोण काय म्हणणार? भांडायला कुठं जागाच नाही.

सकाळी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी स्तुतीच्या डोक्यावर हात ठेवून तिला आशीर्वाद दिला. मग महिला मंडळाच्या बायका सुनीतीभोवती गोळा झाल्या. "बाई, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, लेकरं ही देवाने आपल्याकडे ठेवायला दिलेली असतात म्हणून." सुनीती हसली. खरंच, दर गुरुवारी मंडळात उभं राहून तिनेच हे सांगितलं होतं. घर कसं चालवावं, चूल पेटवताना प्रार्थना कशी करावी, नवऱ्याचा राग आणि सासूचे टोमणे गुडघ्यांवर बसून कसे खाली ठेवावेत. बायका ते ऐकून घरी जात आणि त्यांना बरं वाटे. आज तिचेच शब्द उष्ट्या ताटासारखे तिच्यापुढे आले.

आता फरशीवर पडल्या पडल्या ती डोळे मिटते आणि म्हणते, "हे प्रभू." पुढे काही सुचत नाही. हे आजचं नाही. रिबकाला माती दिली त्या दिवसापासून ती एवढंच म्हणते आणि थांबते. कुणाला सांगितलेलं नाही.

गालाखालची फरशी गार आहे. नळ थेंब थेंब गळतोय. दोन थेंबांमधला वेळ लांबत जातो. मग एक थेंब सुटतो आणि पडतच नाही.

"ताई, जरा सरकता का? पोळपाट ठेवू द्या."

सुनीती उठून बसते आणि सरकते. रिबका शेजारी मांडी घालते, पोळपाट मांडते, परातीतली कणीक बोटाने दाबून बघते. अंगावर घरात नेसायची निळी साडी आहे, कोपरापर्यंत पीठ. सुनीतीला नवल वाटत नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळतं.

"घट्ट मळलीत."

"तुझ्यासारखी मला कधी जमली?"

रिबका लाटायला लागते. तिचा हात पूर्वीसारखाच चालतो, पोळी आपली आपण गोल फिरते. एक तव्यावर, एक पोळपाटावर. टोपल्यात चळत वाढत जाते, टोपलं भरतं, तरी ती लाटतेच आहे.

"अगं, एवढ्या कशाला? खाणारं कोण आहे?"

"आहेत की."

सुनीती मान वर करते. स्वयंपाकघराला पलीकडची भिंत नाही. दोघी चर्चमध्ये बसल्यात, वेदीच्या पायरीवर, आणि शेगडी प्रवचनाच्या मेजावर पेटलीये. समोर बाकांवर बायकाच बायका. सगळ्यांच्या डोक्यावर पदर, सगळ्या पाठमोऱ्या, दाराकडे तोंड करून बसलेल्या. एकही मागे वळून बघत नाही.

"मंडळातल्या आहेत," रिबका म्हणते. "तुमचं ऐकायला आल्यात."

"माझ्याकडे आज काही नाही सांगायला."

"मग बसू देत. त्यांना तरी कुठं घाई आहे?"

तव्यावरची पोळी फुगते आणि बसते. सुनीतीला वाटतं, आता विचारलं नाही तर पुन्हा विचारता येणार नाही.

"रिबका, तिथं कसं असतं गं?"

"कुठं?"

"तू असतेस तिथं."

"मी इथंच असते, ताई. पोळ्या करते."

"आणि प्रभू?"

रिबका पोळी उलटते. बोट भाजल्यासारखं कानाच्या पाळीला लावते. "अजून आले नाहीत. आधी वाटलं, आता येतील. म्हणून पानं मांडून ठेवली. गार झालं की परत गरम करते."

"तुला भेटलेच नाहीत?"

"तुम्हाला भेटतात?"

सुनीती टोपल्यातली चळत सारखी करते. रिबका पुन्हा विचारत नाही. तिच्या बोलण्यात राग नाही, तक्रारही नाही. नळाला पाणी आलं नाही असं सांगावं, तसं तिने ते सांगितलं.

दोघी टोपलं उचलतात, एक कान हिच्या हातात, एक तिच्या. दवाखान्याच्या लांब बोळातून चालतात. खाली पांढऱ्या फरश्या, दोन्ही बाजूंना बंद दारं. प्रत्येक दारामागे कुणीतरी फोडणी देतंय, वास येतोय. रिबकाच्या डोक्याला आता रुमाल गुंडाळलेला आहे, शेवटच्या महिन्यात असायचा तसा. हातात बांगडी राहत नाही, कोपरापर्यंत घसरते. टोपलं जड होत चाललंय.

"स्तुतीच्या डब्यात दोन ठेवा यातल्या," रिबका म्हणते. "तूप लावून. शाळेतून आली का ती?"

"शेजारी गेलीये. मैत्रिणींना भेटायला."

"उन्हाची?"

सुनीतीचे पाय थांबतात. "रिबका, ती आज चाललीये. नाशिकला, सायमनकडे. त्याने लग्न केलंय."

रिबका टोपल्याचा कान सोडत नाही. दारांमागची फोडणी थांबते.

"बाई बरी आहे?"

"बरी आहे."

"खरं सांगा मला."

"खरंच बरी आहे. मी लई शोधलं गं. तिच्यात खोट सापडली नाही."

रिबका मान हलवते. "मग तर पोर मला विसरणार."

इथं काय बोलायचं हे सुनीतीला पाठ आहे. इतकी वर्षं ती हेच तर बोलत आलीये. आईला कुणी विसरत नसतं, रक्ताची ओढ असते, देव सगळं बघतो. वाक्यं तोंडाशी येऊन उभी राहतात. पण परवाच वेणी घालताना स्तुतीने विचारलं होतं, "मोठीआई, मम्मीचा आवाज कसा होता?" आणि सुनीतीच्या हातातले पेड सुटले होते, कारण तिला तो आवाज सांगता आला नव्हता.

"हो," ती म्हणते. "विसरेल."

"बरं झालं, खरं बोललात."

टोपलं खाली ठेवायला दोघी वाकतात तेव्हा खाली माती आहे. चर्चमागची दफनभूमी, बाभळीची विरळ सावली. ओळीने कबरी आहेत आणि प्रत्येक कबरीवर एक ताट मांडलेलं आहे, पाण्याचा पेला डाव्या हाताला. ताटं रिकामी आहेत. कबरींच्या मधून पंगत वाढायला जागा सोडलीये.

"शेवटी मी काहीतरी सांगत होते," रिबका म्हणते. "तुम्ही कान लावला होता."

सुनीतीला तेच तर रोज आठवतं. रिबकाचा आवाज गेला होता. डोळे दाराशी उभ्या असलेल्या पोरीवर होते आणि ओठ सारखे हलत होते. सुनीतीने कान तोंडाशी नेला, खूप वेळ तसाच धरला. नुसता श्वास येत होता. त्याच संध्याकाळी तोही थांबला.

"मला ऐकू नाही आलं गं. एक अक्षरही नाही."

"ठाऊक आहे. तुमच्या तोंडावरनं कळत होतं." रिबका हात झटकते. पीठ उडतं आणि खाली पडत नाही. "आता बोलता येतंय. आता सांगते. तेवढं तिला सांगाल?"

"थांब, मी तिलाच बोलावते."

"नको. ती इथं यायला नको."

मग रिबका जवळ येते आणि सुनीतीच्या कानाशी ते सांगते. फार मोठं नसतं. इतकं साधं असतं की सुनीतीला हसू येतं.

"एवढंच?"

"एवढंच. पण ह्याच शब्दांत सांगा. तुमचं मंडळातलं त्यात मिसळू नका."

"नाही मिसळणार."

"म्हणून दाखवा."

सुनीती म्हणून दाखवते. रिबका एक शब्द दुरुस्त करते. सुनीती पुन्हा म्हणते, आता बरोबर. मग आपणहून आणखी एकदा म्हणते, कारण ते म्हणताना तोंडाला बरं वाटतंय. इतक्या दिवसांत कुठलीही प्रार्थना म्हणताना तसं वाटलं नव्हतं.

"विसराल तुम्ही," रिबका म्हणते. "दूध ठेवता आणि अंगणात जाऊन उभ्या राहता."

"हे नाही विसरणार."

तरीही रिबका सुनीतीच्या पदराचं टोक ओढून घेते, त्याला गाठ मारते, दातात धरून आवळते. "ही दिसली की आठवेल."

लांबून कुणीतरी हाक मारतं. मोठीआई. पुन्हा, मोठीआई.

रिबका मान वळवून ऐकते. "तीच का?"

"तीच."

"केवढा मोठा झाला आवाज," रिबका म्हणते, आणि हाक आली त्या बाजूला बघत राहते. तिथं नुसतं ऊन असतं.

थेंब पडतो.

"मोठीआई, ऊठ ना. पप्पा आलेत."

स्तुती उकिडवी बसून तिचा खांदा हलवतेय. खिडकीतलं ऊन तांबूस झालंय. बाहेर गाडीचं दार वाजतं, शमुवेल कुणाला तरी आत या म्हणतो, आणि सायमनचा आवाज येतो, "सलाम, दादा. वहिनी कुठाय?"

सुनीती उठून बसते आणि आधी पोरीचा हात धरते. "थांब. तुला एक सांगायचंय."

"काय?"

सुनीती तोंड उघडते. आत्ताच तर ते जिभेवर होतं. छोटं होतं. त्यातला एक शब्द आधी चुकला होता आणि मग बरोबर आला होता. ती मागे मागे जाते. ताटं, बाभळीची सावली, टोपलं, बाकांवरच्या पाठमोऱ्या बायका, सगळं जागच्या जागी आहे. रिबका जवळ येते, तिचे ओठ हलतात. आणि नुसता श्वास येतो.

स्तुती वाट बघतेय. डोळे आईचेच आहेत. सुनीतीकडे सांगायला पुष्कळ आहे, सगळं तयार. रोज प्रार्थना कर. नव्या आईचं ऐक. तुझी मम्मी वरून बघतेय आणि तिने तुला आशीर्वाद दिलाय. यातलं कुठलंही सांगितलं, तर पोर ते आईचं म्हणून जन्मभर जपेल. कुणाला कळणारही नाही.

"सांग ना, मोठीआई."

"आठवत नाही गं."

"मग आठवलं की फोनवर सांग."

"हो."

स्तुती उठते, नव्या चपला पायात सरकवते आणि बाहेर पळते. गाडीत पुढे बसायला मिळेल का, असं बापाला विचारताना तिचा आवाज येतो. आनंदी आहे. असायलाच हवा.

सुनीती भिंतीला धरून उभी राहते. पदर खोचायला म्हणून कमरेकडे हात नेते आणि बोटांना काहीतरी कठीण लागतं. पदराच्या टोकाला गाठ आहे. बारीक, गच्च आवळलेली, कडेला दातांचे व्रण उमटलेले. ती अंगठ्याने दाबून बघते. गाठ अजून ओली आहे.