माशाच्या पुडीतली कादंबरी

सेरिंग मानांगचे, म्हणजे सेरिंगताईचे, खारे मासे आमच्या ओतोन गावात नावाजलेले. तिचा एकुलता एक तेयो माझ्याच जहाजावर खलाशी होता, मी तिथला स्वयंपाकी. पोराला वाचायचं वेड. पण कुणाच्या सामानातून पुस्तक पाठवायचं म्हटलं, की वजनाच्या नावानं जो तो नाक मुरडणार. माशांना मात्र कुणी नाही म्हणत नाही. म्हणून मानांग साप्ताहिकात क्रमशः येणाऱ्या कादंबरीची पानं फाडायची आणि एकेका माशाला एकेक पान गुंडाळायची. तेयो मासे मला द्यायचा आणि पानं हातानं सपाट करून, क्रमानं लावून गादीखाली ठेवायचा.

"काय रे, आईनं मासे पाठवलेत की पुस्तक?" आम्ही चिडवायचो.

"मासे तुमचे, वास माझा!"

मग एका वादळात भर दुपारी लाटेनं त्याला डेकवरून ओढून नेलं. देह मिळाला नाही.

सुट्टीवर गावी आलो, तेव्हा शेजारणी नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी मानांगच्या मागे लागल्या होत्या. निदान मेणबत्ती तरी लाव म्हणत होत्या. "मेलेल्यांसाठी लावतात ती," एवढं बोलून तिनं त्यांना घालवलं. मी पुन्हा जहाजावर निघालो, तर माझ्या हातात पुडकं. "लिनो, सात मासे आहेत. बत्तिसाव्या भागावर अडलंय त्याचं."

दुःखानं डोकं फिरलंय बाईचं, असं मला वाटलं. जहाजावर पोचल्यावर मी काय केलं? सांगायला लाज वाटते. पहिला मासा तळून खाल्ला आणि पान कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

सकाळी डबा रिकामा होता. तेयो गेल्यापासून त्याची केबिन बंदच असायची, किल्ली माझ्याकडे. उघडली, गादी उचलली. तेहतिसावा भाग बत्तिसाव्याच्या खाली नीट लावलेला, हातानं सपाट केलेला. कागद ओला होता. जीभ लावून पाहिली, मिठाचं पाणी.

उरलेले सहा मासे मी खाल्ले नाहीत. पुड्या सोडून पानं गुपचूप उशीवर ठेवत गेलो. रोज सकाळी ती गादीखाली गेलेली असायची. सातवं पान गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून गादीच भिजायला लागली. कितीही वाळवा, सकाळी उशीवर डोकं टेकल्याचा ओला खळगा असायचाच.

गावी येऊन हे मानांगला सांगितलं. तिचा चेहरा उजळला, आणि मला जास्तच भीती वाटली.

"म्हणजे आहे माझं पोर!"

"वाट बघतोय, मानांग. पुढचं पान मागतोय."

तिनं आपल्या पेटीकडे पाहिलं. कादंबरी संपली होती. शेवटचं पान तिच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी होतं.

"नाही देणार," ती म्हणाली. "वाचून झालं, की तो कशासाठी थांबेल?"

"आणि तोवर रोज ओल्या गादीवर निजेल?"

"तुला पोर नाही, लिनो. तू बोलू नकोस." मला लागलं ते. पण मी उठलो नाही, तीही ऊठ म्हणाली नाही. बऱ्याच वेळानं तिनं पेटी उघडली, चुलीवर टांगलेला सगळ्यात मोठा खारा मासा काढला, आणि लहान मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसा त्या पानात गुंडाळला.

त्या खेपेला मी पुडी न सोडताच उशीवर ठेवली.

नऊ महिन्यांनी गावी परतलो आणि सामानातून तोच मासा काढून मानांगपुढे ठेवला. नुसता मासा. पानं सगळी आणली होती, शेवटचं मात्र जहाजावर कुठंच सापडलं नव्हतं.

"आणि गादी?" तिनं विचारलं.

"कोरडी. पुडी ठेवली त्या दिवसापासून कोरडी आहे."

तिनं मासा हुंगला, उराशी धरला आणि मोठ्यानं रडली. मग उठून देवापुढे गेली आणि तेयोच्या नावानं पहिली मेणबत्ती लावली.