दोडक्याच्या वेलामागचं पिंप

तुमच्या नळाला पाणी किती वेळ येतं? आधी तेवढं सांगा, मग सुलाबाईला शहाणपण शिकवायला या.

तिच्या वस्तीत एक दिवसाआड येतं. पस्तीस मिनिटं, कधी पहाटे साडेचारला, कधी सहाला. इंदिरानगरच्या पाठीमागे नाल्याच्या कडेला नव्वदेक घरं, आणि सगळ्यांत मिळून तीन नळ. मग दारोदार पिंपं भरलेली असणार नाही तर काय? यंदा, २००६ च्या फाल्गुनात, सांधे धरणारा तो चिकुनगुन्याचा ताप गावभर पसरला तेव्हा पहिलं बोट दाखवलं गेलं ते याच पिंपांकडे.

सुलाबाई साठीला टेकलेली. तीस वर्षं बांधकामावर घमेली वाहिली, आणि कंबरेनं जवाब दिला तेव्हा घरामागची, भिंत आणि नाला यांच्यामधली चार हात रुंद पट्टी खणून काढली. त्यातून दोन गोण्या काचा अन् प्लास्टिक निघालं. रंगाचे फुटके डबे, रिक्षाचे फाटके टायर, जे सापडलं त्यात तिनं माती भरली. मेथी, पालक, आंबट चुका, चार वांगी, आणि भिंतीवर दोडक्याचा वेल. सकाळी जुड्या बांधून पाटी डोक्यावर घ्यायची आणि इंदिरानगरातल्या बिल्डिंगींचे जिने चढायचे. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा ती वांग्याला घालायची.

त्या भाजीवर दोन जीव जगत होते, ती आणि तिची नात तृप्ती. तृप्तीचे आईबाप द्राक्षाच्या हंगामभर पिंपळगावला, पेट्या भरायच्या पॅकहाउसवर. पोरगी दहावीला, म्हणून आजीकडे. त्यांच्या घरातलं आजवर कुणी दहावीच्या परीक्षेला बसलेलं नव्हतं. सुलाबाईनं सगळ्या वस्तीला बजावून ठेवलं होतं, "माझ्या नातीची परीक्षा हुईपर्यंत टीव्ही मोठा लावला तर डबडंच नाल्यात टाकीन." आणि लोक आवाज कमी करायचे. बाई बोलते ते करते, हे माहीत होतं.

ताप पसरला त्या आठवड्यापासून दर शनिवारी कोरडा दिवस पाळायचा असं पालिकेनं ठरवलं. साठवलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. तपासणीला प्रफुल्ल आला, फवारणीच्या पथकातला पंचविशीचा पोरगा.

"आजी, पिंपं उपडी करा."

"उद्या नळ हे का?"

"उद्या नाही, परवा."

"मग दोन दिवस तुझ्या तोंडाकडं बघून जगंल का माझी मेथी?"

प्रफुल्लनं बॅटरीचा झोत पाण्यात टाकला. "हे बघा. अळ्या. ह्यांचेच डास होतात."

"वळवळतंय ते? पाण्यात जीव हे म्हणून वळवळतंय. जुनं पाणी झाडाला मानवतं. तू पुस्तकात वाचलं, मी मातीत वाचलंय."

जमलेले लोक हसले. प्रफुल्ल हसला नाही. त्यानं पाय पुढे केला. बुटाची नाडी सुटलेली, लोंबत होती. "मला होऊन गेलाय ताप, आजी. आज बारावा दिवस, नाडी बांधता येत नाही. आई बांधते. आज ती पण पडलीय."

पण हार मानणं सुलाबाईच्या अंगात नव्हतं. "त्या बिल्डिंगींच्या गच्च्या बघितल्या का? कूलर, कुंड्यांखालच्या बशा? मी रोज जिने चढते, मला ठाव हे तिथं काय वळवळतं ते."

"वॉचमन आत सोडत नाही."

"आन् आमच्या दाराला वॉचमन नाय, म्हनून शिरतोस व्हय?"

तरी प्रफुल्लनं दोन पिंपं नाल्यात ओतली आणि दारावर खडूनं तारीख टाकली.

तिसरं पिंप त्याला दिसलंच नाही. ते सुलाबाईनं आदल्या रात्रीच दोडक्याच्या वेलामागे सरकवलं होतं, वर गोणपाट टाकून. डबा बुडवायला एक कड उघडी ठेवली होती. वर तृप्तीची अभ्यासाची खिडकी.

"आजे, खिडकीखाली कशाला?"

"तू तुजा भूगोल बघ."

परीक्षेला सहा दिवस उरले आणि तृप्तीला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण मनगटं सुजली, बोटं मिटेनात. भाकरीचा तुकडा मोडता येईना. सुलाबाई भरवायची, वेणी घालायची, परकराची नाडी बांधून द्यायची. पंधरा वर्षांची पोरगी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, आजीनं नाडी बांधेपर्यंत.

शेजारची नवसाबाई म्हणाली, "सुले, डास नाल्याचा बी असंल. कशाला जिवाला लावून घेतीस?"

"नाल्याचा असंल, बिल्डिंगीचा असंल. पन माझ्या पिंपात बी होते ना? मी झाकून ठिवले होते, माझ्या हातानं."

ती उठली, वेलामागे गेली, आणि खांदा लावून पिंप आडवं केलं. कंबरेतून कळ गेली तरी 'आई गं' म्हणाली नाही. पंधरा दिवसांत मेथी फुलावर जाऊन वाळली, चुका पिवळा पडला, दोडके कोवळेपणीच सुकून गळले. पाटी भिंतीला उभी राहिली.

परीक्षेच्या दिवशी तिनं स्टोव्हवर मिठाचं पाणी कढवलं आणि किटलीतून केंद्रावर नेलं. फाटकाबाहेर पोरीची बोटं शेकली. पेनाला चिंधी गुंडाळून ते जाड केलं, धरता यावं म्हणून. तीन तासांत तृप्तीनं चार पानं लिहिली. बाहेर आली ती म्हणाली, "आजे, येत होतं गं सगळं." एवढंच.

उरलेल्या पेपरांना लेखनिक मागायला सुलाबाई तडक आत गेली. तिथं सांगण्यात आलं, अर्ज आधी करायचा असतो, डॉक्टरचा दाखला जोडून.

"पोरीला ताप येनार, ही तारीख तुमाला आधी कळवायची व्हती का?"

तिला बाहेर काढलं. जूनमध्ये निकाल लागला, पोरगी तीन विषयांत राहिली. गणित, विज्ञान, भूगोल.

आता ऑक्टोबरला पुन्हा बसायचं आहे. सहा महिने झाले, तृप्तीची मूठ अजून वळत नाही. या खेपेला सुलाबाईनं कसर ठेवली नाही. दाखला मिळवला, शिक्के मारून घेतले, लेखनिकाची परवानगी आणली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत आहे. फक्त लेखनिक नाही. नियमानं तो एक इयत्ता खालचा, नववीतला लागतो. वस्तीत नववीतली पाच पोरं आहेत आणि पाचांचे आईबाप मान हलवतात. सुजलेल्या हाताशेजारी बसलं की आपल्याही पोराचे सांधे धरतील, असं डोक्यात बसलंय. त्यांत नवसाबाईचा नातूही आहे. मार्चमध्ये धीर देणारी नवसाबाई आता सुलाबाई दिसली की दार लोटते. सुलाबाई तिच्या दारासमोर शिव्या देऊन आली, मग दुसऱ्या दिवशी जाऊन हात जोडले. ज्या बाईनं मुकादमासमोर कधी मान वाकवली नाही, तिनं. दार उघडलं नाही.

वाचणाऱ्यांनो, हा ताप शेजारी बसून लागत नाही, हाताला हात लागूनही लागत नाही. डास चावून लागतो. तुमच्या घरात नववीतलं पोर असेल, अक्षर कसंही असो, ऑक्टोबरात पेपरांच्या सकाळी त्याला तृप्तीसोबत केंद्रावर पाठवा. उत्तरं तृप्ती सांगेल. त्यानं फक्त लिहायचं आहे. इंदिरानगरच्या पाठीमागे येऊन सुलाबाईचं घर विचारा, कुणीही दाखवेल. पण या.