वाळूची गोणी

सोमी रोज सकाळी पाणी भरायला जाण्याआधी दारातल्या जांभळाच्या फांदीला लटकायची. आई ओरडायची, "वांदर हाय का तू? उतर खाली!" मग ती आणखी थोडी लटकायची.

आपटा गावाजवळच्या वीटभट्टीवर राबणाऱ्या घरातली ही मुलगी गेल्या वर्षी पनवेलच्या विभागीय स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत उतरली. पहिल्या तिघींना राज्याच्या संघात जागा होती आणि सोमीला ती हवीच होती.

भिंत, दोर, लोखंडी कड्या पार करून ती दुसरी होती. पुढे वाळूची गोणी घेऊन मैदानाला फेरी मारायची होती. सोमीनं ती उचलून थेट डोक्यावर ठेवली, भट्टीवर विटा ठेवतात तशी, आणि दोन्ही हात सोडून पळत सुटली. लोक टाळ्या वाजवू लागले. फेरी संपताना पंचांनी तिला अडवलं. गोणी खांद्यावरच हवी असा नियम होता; फेरी पुन्हा.

"खांद्यावर घे, सोमे!" तिला शिकवणारे दत्ता सर कुंपणाबाहेरून ओरडले.

"घेतलीय ना! तुमी नुसतं वरडू नका!"

खांद्यावरून गोणी सारखी घसरत होती. मागच्या साऱ्या पुढे निघून गेल्या. मान वाकडी करून, ओठ दाबून तिनं फेरी पूर्ण केली आणि शेवटच्या, चिखलाच्या टप्प्यात एकेकीला गाठत गेली.

ती चौथी आली.

दत्ता सरांनी पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. सोमीनं तोंडावरचा चिखल पुसला.

"सर, वाळू आमच्या नदीवर हाय. एक रिकामी गोनी मिळंल का?"